मनाचं दुखणं कुणाला दाखवायचं: गावाजवळ समुपदेशक शोधताना

मी कराडला पोस्टात काउंटरवर काम करते. आरडी, मासिक प्राप्ती, बचत खाती आणि खातेदार वारला की वारसाचा दावा, हे सगळं माझ्या खिडकीवर असतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, माझा धाकटा भाऊ गेला. एक्केचाळीस वर्षांचा होता. दहा दिवस ऑक्सिजनवर होता आणि शेवटी चेहराही लांबूनच बघायला मिळाला. पंधरा दिवसांनी मी कामावर रुजू झाले. त्या वर्षी खिडकीवर वारसाचे दावे एकामागून एक येत होते. नोव्हेंबरात एक बाई आली. मृत्यूचा दाखला, पासबुक, नॉमिनीची कागदपत्रं, सगळं व्यवस्थित पिशवीत घालून आणलं होतं तिने. दाखल्यावर वय होतं ४१. त्यापुढचं मला वाचताच येईना. अक्षरं दिसत होती, पण लागत नव्हती. तारखेचा शिक्का हातात तसाच धरून मी बसले होते. शेजारच्या खिडकीवरच्या बाईंनी उठून तो माझ्या हातातून काढून घेतला आणि त्या बाईचं काम स्वतः केलं.

त्या दिवशी मी ठरवलं, कुणाला तरी दाखवायचं. योग्य माणूस मिळायला त्यानंतर तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत काय काय चुकलं आणि शेवटी काय जमलं, ते लिहिते आहे. तुमचे तीन महिने वाचावेत म्हणून.

पण त्याआधी एक गोष्ट. जगणं नको वाटतंय, जीव द्यायचे विचार येतायत, किंवा घरातलं कुणी तसं बोलतंय, तर पुढचं वाचत बसू नका. १४४१६ हा नंबर लावा. ही सरकारची टेलि मानस सेवा आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं. त्या माणसाला एकटं सोडू नका. औषधं, कीटकनाशकं, दोर असलं काही त्याच्या हाताशी राहणार नाही असं बघा. जवळच्या कुठल्याही मोठ्या दवाखान्याच्या अपघात विभागात घेऊन गेलात तरी चालेल. समुपदेशक शोधणं हे शांतपणे करायचं काम आहे आणि ते नंतरही करता येतं.

आता माझी पहिली पायरी. मी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. झोप लागत नाही, पायात गोळे येतात, कुकरची शिट्टी झाली तरी छातीत धडधडतं, हे सांगितलं. त्यांनी थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर आणि बी-१२ तपासायला लावलं. थायरॉइड बिघडलं किंवा बी-१२ कमी झालं तरी माणूस थकतो, चिडतो, उदास होतो, त्यामुळे आधी ते बघून घेणं बरं. माझं बी-१२ कमीच निघालं. इंजेक्शनं घेतली. पायातले गोळे गेले, रडणं राहिलं. मग डॉक्टर म्हणाले, "ताई, आता हे माझ्या हातातलं नाही." हे त्यांनी स्पष्ट सांगितलं याचे मी आजही आभार मानते. तुमचे डॉक्टर नुसतीच झोपेची गोळी लिहून देत असतील आणि महिन्यामागून महिने तीच चालू असेल, तर तुम्हीच विचारा: "मला मनाच्या डॉक्टरकडे पाठवाल का?"

पाटीवर काय लिहिलंय ते नीट वाचा

माझा पहिला गोंधळ शब्दांचा झाला. आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, काउन्सेलर, थेरपिस्ट हे सगळे शब्द एकाच अर्थाने वापरतात आणि पाट्यांवरही तसेच रंगवलेले असतात. त्यात फरक आहे आणि तो माहीत नसला की फसायला होतं.

सायकियाट्रिस्ट म्हणजे डॉक्टर. आधी एमबीबीएस, मग सायकियाट्रीत एमडी, डीएनबी किंवा डीपीएम. गोळ्या हे लिहून देतात. राज्याच्या मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक त्यांच्या चिठ्ठीवर छापलेला असतो, असलाच पाहिजे. मराठीत मानसोपचारतज्ज्ञ म्हणतात ते बहुधा यांनाच.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट डॉक्टर नसतात. मानसशास्त्रात एम.ए. किंवा एम.एस्सी. करून पुढे दवाखान्यात रुग्णांसोबत काम करत दोन वर्षांचं प्रशिक्षण घेतात. बराच काळ त्याला एम.फिल. म्हणत आले. आजाराचं स्वरूप तपासणं, चाचण्या घेणं आणि बोलून उपचार करणं हे त्यांचं काम. गोळ्या ते देत नाहीत. त्यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. त्या नोंदीला सीआरआर नंबर म्हणतात आणि तो परिषदेच्या वेबसाइटवर तपासता येतो. मी मुलाला बसवून तपासून घेतला, फार वेळ लागला नाही.

समुपदेशक या शब्दाखाली मात्र कुणीही येऊ शकतं. मानसशास्त्रात किंवा समाजकार्यात एम.ए. करून, वर्षानुवर्षं अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली काम केलेले फार चांगले समुपदेशक आहेत. आणि दोन दिवसांचं शिबिर करून भिंतीवर चार प्रमाणपत्रं लावलेलेही आहेत. २०२१ मध्ये आरोग्यसेवेतल्या इतर व्यवसायांसाठी एक राष्ट्रीय आयोग नेमणारा कायदा झाला आणि त्यात समुपदेशनासारखी कामंही घेतली आहेत. पण तेवढ्यावर विसंबून राहू नका, इथे विचारपूस आपणच करायची. पदवी कुठल्या विद्यापीठाची, कुठल्या विषयातली, दवाखान्यात किंवा संस्थेत किती वर्षं काम केलंय, आणि अवघड केस आली तर ते स्वतः कुणाचा सल्ला घेतात. हा शेवटचा प्रश्न मला फार उशिरा कळला. चांगल्या समुपदेशकाच्या वर कुणीतरी असतं, ज्याच्याशी नाव न सांगता तो आपल्या कामाबद्दल बोलतो. याला ते सुपरव्हिजन म्हणतात. जो म्हणतो मला कुणाची गरज नाही, त्याच्याकडे मी जाणार नाही.

मग आपल्याला यातलं कोण हवं? माझी समजूत अशी: आठ-आठ दिवस झोप नाही, जेवण सुटलंय, कानात आवाज येतात, कुणी आपल्यावर पाळत ठेवतंय असं वाटतं, दारू सुटत नाही, किंवा उठून कामच होत नाही, तर आधी सायकियाट्रिस्ट. दुःख, घरातला ताण, लग्नातलं भांडण, जुनी जखम, आणि तरी दिवस कसाबसा ढकलला जातोय, तर समुपदेशक किंवा सायकॉलॉजिस्टपासून सुरुवात केली तरी चालते. जो प्रामाणिक असेल तो गरज पडली की दुसऱ्याकडे पाठवतोच.

शोधायचं कुठे

जिल्ह्याचं सिव्हिल हॉस्पिटल. लोक नाक मुरडतात, पण जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे आणि त्याखाली जिल्हा रुग्णालयात मानसोपचार ओपीडी चालते. मी साताऱ्याच्या सिव्हिलला गेले. सकाळच्या एसटीने दीड तास, केस पेपर, मग बाकावर थांबायचं. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपरलाही पैसे लागत नाहीत. गर्दी असते आणि डॉक्टर तुम्हाला तासभर देऊ शकत नाहीत, हे खरं. पण निदान नीट होतं, गोळ्या मिळतात आणि पुढे कुणाकडे जायचं ते कळतं. जवळ मेडिकल कॉलेज असेल तर तिथला मानसोपचार विभागही असाच उपयोगी पडतो. मुंबईत केईएम, नायर, सायन, पुण्यात ससून. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांत बाह्यरुग्ण विभाग असतो आणि तिथे साध्या झोपेच्या तक्रारीसाठीही जाता येतं. "येरवड्याला जायची वेळ आली" असं आपण सहज बोलून जातो, त्या एका वाक्यामुळे किती माणसं दारातून परत फिरली असतील. गोव्यातल्यांसाठी बांबोळीची मानसोपचार संस्था, आयपीएचबी, आहे.

संस्थांचं म्हणाल तर ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. आमच्या साताऱ्यात परिवर्तन संस्था व्यसनमुक्तीचं आणि मानसिक आरोग्याचं काम करते. घरात दारूचा प्रश्न असेल तर पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवा फोनवर आणि ईमेलवर समुपदेशन करते. टेलि मानसवर तातडीचं काही नसतानाही फोन करता येतो. "मी अमुक तालुक्यात राहते, माझ्या जवळ कुठे जाऊ?" एवढं विचारलंत तरी ते सांगतात.

इंटरनेटवर लोक दवाखान्याला जे तारे देतात, त्या रेटिंगवर मी फार भरवसा ठेवत नाही. मनाच्या दवाखान्यात बरा झालेला माणूस स्वतःच्या नावाने तिथे जाऊन लिहील, असं क्वचितच होतं. त्यापेक्षा तुमच्या फॅमिली डॉक्टरांना, मुलाच्या शाळेतल्या समुपदेशकाला, कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांना विचारा. "तुमच्या घरातलं कुणी असतं तर तुम्ही कुणाकडे पाठवलं असतं?" असंच विचारा. या प्रश्नावर माणूस एक क्षण थांबतो आणि मग जे नाव सांगतो ते खरं असतं. मला शेवटी ज्या बाई मिळाल्या त्यांचं नाव असंच, एका बालरोगतज्ज्ञांकडून मिळालं.

माझी चुकीची भेट

पहिल्यांदा मी ज्यांच्याकडे गेले ते जवळच्या एका शहरातले. नाव सांगत नाही. एका ओळखीच्याने सांगितलं म्हणून मी काहीही न विचारता गेले. आत जाण्याआधीच बाहेर बसलेल्या मुलीने दहा भेटींचे पैसे एकदम भरायला सांगितले. भरले. आत गेल्यावर मी बोलायला सुरुवात करून पाच मिनिटं झाली नसतील, ते म्हणाले, "जाणारा गेला, तुम्ही किती दिवस धरून बसणार? आमच्याकडे एक बाई येतात, त्यांचा तर मुलगा गेला," आणि त्या बाई कुठल्या गावच्या, मुलगा कुठल्या कॉलेजात होता, हे सगळं सांगितलं. मी त्या बाईंना ओळखत होते. आमच्या पोस्टात त्यांचं खातं होतं.

घरी येताना एसटीत मी एकच विचार करत होते, उद्या माझं नाव सांगून हे दुसऱ्या कुणाला समजावतील. तरीही मी दुसऱ्यांदा गेले, कारण पैसे भरले होते. दुसऱ्या वेळी त्यांनी एक खडा सुचवला, तोही त्यांच्याच ओळखीच्या दुकानातून घ्यायचा. मग मी थांबले. पुढचे दोन महिने मी घरात सांगत होते की मला समुपदेशनाचा उपयोग होत नाही. हे चूक होतं. उपयोग झाला नाही तो त्या माणसाचा.

म्हणून ही लक्षणं दिसली की उठून यायचं, पैसे गेले तरी. दुसऱ्या रुग्णाची ओळख पटेल असं बोलणं. पहिल्याच दिवशी मोठ्या पॅकेजचा आग्रह. "शंभर टक्के बरं करतो, इतक्या दिवसांत" अशी हमी. तुम्ही बोलत असताना स्वतःच्या घरच्या गोष्टी लांबवणं. तुमची जात, तुमचं लग्न, तुम्ही कुणावर प्रेम करता यावरून शिकवणं. सायकियाट्रिस्टने दिलेल्या गोळ्या बंद करायला सांगणं. आणि स्पर्श, दवाखान्याबाहेर भेटायला बोलावणं, रात्री-अपरात्री गप्पांचे मेसेज करणं. यातल्या शेवटच्या गोष्टींबद्दल तर गप्पही बसू नका, घरच्यांना सांगा, तक्रार करा. चूक त्यांची असते.

गुप्ततेबद्दल कायदाही आपल्या बाजूने आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा मे २०१८ पासून लागू झाला आणि त्यात मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवली जाण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. अपवाद थोडे असतात. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर त्यांना सांगावं लागतं. चांगला समुपदेशक हे अपवाद पहिल्याच भेटीत, तुम्ही न विचारता सांगतो. माझ्या बाईंनी सांगितले होते.

जाण्याआधीचा फोन

दुसऱ्या वेळी मी आधी फोन केला. पोस्टातल्या पावतीच्या मागे प्रश्न लिहून घेतले होते, कारण बोलताना गळा भरून येतो आणि सगळं विसरायला होतं. साधारण असं बोलले:

"नमस्कार मॅडम. मी कराडहून बोलते. माझा भाऊ जाऊन आठ-नऊ महिने झाले, मला कामावर लक्ष लागत नाही आणि झोप नाही. तुमच्याकडे यायचा विचार आहे. आधी थोडं विचारलं तर चालेल का?"

मग एकेक करून: तुमचं शिक्षण काय आणि नोंदणी कुठली? माणूस गेल्याच्या दुःखावर तुम्ही काम केलंय का? तुमची पद्धत कशी असते? एक भेट किती वेळाची, किती पैसे, येता आलं नाही तर आधी किती वेळ कळवायचं? आणि मी सांगितलेलं कुणाकुणाला कळतं?

एवढं विचारायला मला संकोच वाटत होता. भाजी घेताना आपण चार दुकानं फिरतो, साडीला पदर उलगडून बघतो, आणि ज्याच्यापुढे मन उघडं करायचं त्याला मात्र एक शब्द विचारत नाही. समोरून उत्तर कसं येतं हेच निम्मं उत्तर असतं. जी व्यक्ती या प्रश्नांवर चिडेल ती तुमच्या रडण्यावरही चिडेल. माझ्या बाई म्हणाल्या, "विचारलंत ते बरं केलंत," आणि स्वतःचा सीआरआर नंबर लिहून घ्यायला सांगितला.

पद्धतीबद्दल थोडं. महाराष्ट्रात विवेकनिष्ठ मानसोपचार, म्हणजे आरईबीटी शिकलेले बरेच जण भेटतात. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची ही पद्धत आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवली. त्याच्या जवळची सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी. दोन्हींत आपल्या मनातले विचार तपासायला शिकवतात, आणि काळजी, राग, न्यूनगंड यांवर त्याचा चांगला उपयोग होतो. दुःख ताजं असताना मात्र लगेच विचार तपासायला बसवणारा माणूस मला जड गेला असता, आधी नुसतं ऐकणारं कुणीतरी हवं होतं. अपघात, अत्याचार अशा धक्क्यांसाठी ईएमडीआर नावाची वेगळी पद्धत आहे, ती शिकलेला माणूसच ती करू शकतो. पद्धतींची नावं पाठ करायची गरज नाही. "तुम्ही काय करणार आणि कशासाठी" हे त्यांना साध्या मराठीत सांगता आलं पाहिजे.

मराठीचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. मी तिथे "करमत नाही" म्हणाले. "जीव घाबरा होतो" म्हणाले. "आतून भरून येतं पण बाहेर पडत नाही" म्हणाले. करमत नाही म्हणजे कंटाळा नव्हे, उदास वाटणंही नव्हे, हे ज्याला समजावून सांगावं लागतं त्याच्यासमोर निम्मा वेळ भाषांतरात जातो. बेंगळुरूला किंवा परदेशात राहणाऱ्यांनीही निदान मराठी समुपदेशक ऑनलाइन मिळतो का ते बघावं. दुःख ज्या भाषेत झालं त्याच भाषेत ते सांगता येतं, असा माझा अनुभव आहे.

कुणी बघितलं तर?

गावात हीच मोठी भीती. माझ्या खिडकीवर निम्मं कराड येतं. मी दवाखान्याच्या जिन्यात दिसले असते तर संध्याकाळपर्यंत बातमी घरी पोचली असती. म्हणून मी कोल्हापूरच्या बाई निवडल्या. महिन्यातून एक शनिवार समोरासमोर, बाकीच्या भेटी व्हिडिओवर. पहिली भेट शक्यतो प्रत्यक्ष करा, माणूस कळतो. मग अंतर फारसं आडवं येत नाही.

ऑनलाइन भेटीला जागा शोधणं हे वेगळंच काम. आमच्या दोन खोल्या, सासूबाई, बारावीतला मुलगा. गच्चीवर गेले तर शेजारच्या गच्चीवर कुणीतरी पापड वाळत घालत असायचं. शेवटी आमच्या ह्यांनी तोडगा काढला. मंगळवारी संध्याकाळी ते मला गाडीतून प्रीतिसंगमाच्या बाजूला सोडायचे, मी गाडीतच काचा वर करून, इयरफोन लावून बोलायचे आणि ते पाऊण तास घाटावर फिरून यायचे. एकदाही त्यांनी "काय बोललात?" विचारलं नाही. घरातल्यांना मदत करायची असेल तर ती अशी करता येते.

सासूबाईंना सुरुवातीला वाटत होतं की बाहेरचं काही आहे, एकदा दाखवून आणावं. मी त्यांच्याबरोबर देवळात गेले, बरंही वाटलं. देवाला जाण्यात काही वावगं नाही. पण कुणी "डॉक्टर नको, गोळ्या नको, फक्त आमच्याकडे या" म्हणालं, की तिथून परत फिरायचं.

पैसे

मी २०२२ मध्ये एका भेटीचे आठशे रुपये देत होते. पन्नास मिनिटं. मोठ्या शहरांत याच्या दुपटी-तिपटीनेही घेतात. परवडत नसेल तर तसं सरळ सांगा. बरेच जण परिस्थिती बघून फी कमी करतात, काहींच्या आठवड्यातल्या काही वेळा कमी फीसाठी राखून ठेवलेल्या असतात. विचारल्याशिवाय ते कळत नाही. विद्यापीठांचे मानसशास्त्र विभाग आणि संस्था यांच्याकडे कमी पैशांत शिकाऊ समुपदेशक मिळतात, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली काम करणारे, आणि ते वाईट नसतात. २०१७ च्या कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे. मात्र पॉलिसी ओपीडीचा खर्च देत नसेल तर समुपदेशनाची फीही त्यात येत नाही, तेव्हा पॉलिसीचा कागद आधी वाचा. आठवड्याला परवडत नसेल तर पंधरा दिवसांनी जा, पण ठरवून जा. मनाला येईल तेव्हा जाण्याने धागा तुटतो.

पहिली भेट

जाताना एक कागद न्या. कधीपासून, काय होतंय, कुठल्या गोळ्या चालू आहेत, तपासणीचे रिपोर्ट, घरात आधी कुणाला मनाचा त्रास होता का. घडलेलं सगळं पहिल्याच दिवशी सांगायची सक्ती नाही. "याबद्दल आज नको" असं म्हणता येतं.

माझ्या बाईंची खोली साधी होती. दोन वेताच्या खुर्च्या, मध्ये टीपॉयवर पाण्याचा तांब्या आणि फुलपात्र, घड्याळ माझ्या पाठीमागच्या भिंतीवर, म्हणजे वेळ त्यांना दिसेल, मला नाही. मी बसले आणि त्यांनी विचारलं, "भावाचं नाव काय होतं?"

मला आठवेना की हे शेवटचं कुणी विचारलं होतं. आठ-नऊ महिने सगळे "तुझा भाऊ", "तो गेला", "जे झालं ते" असंच बोलत होते. माझ्यासमोर त्याचं नाव घ्यायचं सगळ्यांनी टाळलं होतं, माझ्या भल्यासाठीच. मी नाव सांगितलं. मोठ्याने सांगितलं आणि मग पुष्कळ वेळ काही बोलता आलं नाही. त्यांनी घाई केली नाही.

तिसऱ्या भेटीत मी त्यांना एक गोष्ट सांगितली जी घरात कुणाला माहीत नव्हती. मी त्याच्या फोनचा रिचार्ज मारत होते. चौऱ्याऐंशी दिवसांचा पॅक संपला की पुन्हा. फोन बंद होता, वहिनीच्या कपाटात. नंबर मात्र मी जिवंत ठेवला होता. मला वाटलं होतं त्या म्हणतील, हे बंद करा. त्या म्हणाल्या, "नंबर लावता तेव्हा काय ऐकू येतं?" मी सांगितलं, फोन बंद असल्याचं ती बाई मराठीत सांगते, मग पुन्हा इंग्रजीत. "आणि तुम्ही कधी ठेवता?" मी म्हणाले, इंग्रजी सुरू झालं की. त्यावरून आम्ही दोन भेटी बोललो.

मी तीन भेटींचा नियम सांगते तो यामुळे. पहिल्या भेटीत अवघडलेपण असतं, दुसरीत थोडं सैल होतं, तिसरीनंतर स्वतःला विचारा: मी इथे खोटं बोलते का? बाहेर पडल्यावर थकवा आला तरी चालेल, रडू आलं तरी चालेल, पण अपमान झाल्यासारखं वाटतं का? पुढच्या भेटीत काय सांगायचं हे मधल्या दिवसांत मनात येतं का? उत्तरं नीट नसतील तर बदला. बदलताना गुपचूप गायब व्हायची गरज नाही. "मला वाटतं आपलं जुळत नाहीये, दुसरं कुणी सुचवाल का?" एवढं पुरे. चांगली माणसं सुचवतात आणि राग धरत नाहीत.

आणि गोळ्या. साताऱ्याच्या डॉक्टरांनी मला दिल्या होत्या, बाईंनी त्या चालू ठेवायला सांगितल्या. गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, आणि पहिल्या दिवसांत मळमळ, डोकं जड होणं असं काही झालं तर डॉक्टरांना फोन करायचा. मनानेच बंद करायच्या नाहीत, बरं वाटलं म्हणून तर नाहीच. माझ्या त्या वर्षभराने डॉक्टरांनीच हळूहळू कमी करत बंद केल्या.

दर आठवड्याच्या भेटी पाच महिने चालल्या, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने. २०२३ च्या जानेवारीत बाई म्हणाल्या, आता तुम्हाला वाटेल तेव्हा या. रिचार्ज मी त्याच्या आदल्या दिवाळीत थांबवला. वहिनीला आणि पुतण्याला सांगून थांबवला, तिघं मिळून. वारसाचे दावे अजूनही माझ्याच खिडकीवर येतात. दाखल्यावरचं नाव मी आता पूर्ण वाचते आणि समोरच्या माणसाला ते नाव घेऊनच पुढचं विचारते. बाईंचा नंबर अजून फोनमध्ये आहे. त्यानंतर दोनदा लावला, दोन्ही वेळा एप्रिलमध्ये.